आभासी डोळा, खरा हात

विद्यार्थ्यांनो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली एखादी दादी, नानी किंवा आजोबा तुमच्या घरात किंवा शेजारी नक्की असतील. उर्दूत आपण ज्याला मोतियाबिंद म्हणतो, तोच हा मोतीबिंदू. आपल्या राजूरहून आणि आसपासच्या खेड्यांतून कितीतरी वृद्ध माणसे जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात जातात. डोळ्यावर पट्टी बांधून ती परत येतात आणि थोड्याच दिवसांत नातवंडांचे चेहरे पुन्हा ओळखू लागतात. ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आटोपते. पण ती करणाऱ्या डॉक्टरांचा हात इतक्या सफाईने चालायला किती दिवस लागले असतील, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? आणि तो हात पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यावर चालला असेल?

कोणतेही कसब सरावाने येते. सराव म्हणजे मश्क. शिंप्याच्या दुकानात नवा मुलगा शिकायला आला, की उस्ताद त्याला गिऱ्हाइकाचे नवे कापड देत नाहीत. आधी चिंध्या देतात. चिंधीवर टाके वाकडे गेले तरी कुणाचे नुकसान होत नाही. ट्रॅक्टर शिकणाऱ्या मुलाला वडील आधी मोकळ्या रानात नेतात. अंगारकी चतुर्थीला राजूरच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत नवशिक्याच्या हाती ट्रॅक्टर देणारा शहाणा माणूस तुम्हांला सापडणार नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला शल्यचिकित्सक म्हणतात. उर्दूतला शब्द आहे जर्राह. आता सांगा, या शल्यचिकित्सकाने चिंधी कुठून आणावी? त्याचे मोकळे रान कोणते?

हा प्रश्न किती नाजूक आहे, हे कळण्यासाठी डोळ्याची रचना थोडी पाहू. माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. वय वाढले, की हे भिंग हळूहळू गढूळ होते. धुके पडल्यासारखे दिसू लागते. हाच मोतीबिंदू. हे भिंग एका अतिशय पातळ पिशवीत असते. डॉक्टर त्या पिशवीला समोरून एक गोल खिडकी पाडतात, आतले गढूळ भिंग बाहेर काढतात आणि त्याच पिशवीत नवे कृत्रिम भिंग बसवतात. म्हणून पिशवीचा मागचा पडदा शाबूत राहिला पाहिजे. तो पडदा केवढा जाड असतो? मध्यभागी सुमारे ४ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले फक्त चार! डोक्यावरचा केसही त्याहून दहापटींपेक्षा जास्त जाड असतो. तो पडदा फाटला, तर शस्त्रक्रिया अवघड होते, वेळ वाढतो आणि कधीकधी दृष्टीलाही धोका पोहोचतो.

अशा पडद्याजवळ नवशिक्याचा हात थोडा जरी थरथरला तर? शिकाऊ डॉक्टर जिथे शिकतात, ती रुग्णालये बहुधा सरकारी किंवा धर्मादाय असतात. तिथे येणारा रुग्ण बहुधा गरीब असतो. एखाद्या शेतमजुराला किंवा विडी वळणाऱ्या बाईला डोळ्याची किंमत सांगावी लागत नाही. तिचा रोजगारच डोळ्यांवर चालतो. म्हणून नवशिक्याने कुठे शिकावे, हा केवळ डॉक्टरांचा प्रश्न नाही. तो आपल्या सर्वांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आजचाही नाही. आपल्या देशातील प्राचीन वैद्य सुश्रुत यांच्या ग्रंथात यावर एक संपूर्ण अध्याय आहे. शिष्याने कितीही ग्रंथ वाचले असले, तरी प्रत्यक्ष हाताने सराव केल्याशिवाय तो कामाला योग्य होत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्या सरावाला तिथे 'योग्या' असे नाव आहे. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड आणि काकडी यांवर करावा. चीर देण्याचा सराव पाण्याने भरलेल्या चामडी पिशवीवर करावा. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर करावा. टाके घालण्याचा सराव जाड्या-पातळ कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर करावा. पट्टी बांधायला तर माणसाएवढा पुतळा घ्यावा. पाहा, शिंप्याच्या चिंधीची युक्ती वैद्यांनाही फार पूर्वीपासून माहीत होती.

पुढे दहाव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ अबुल कासिम अल-झहरावी हे थोर जर्राह होऊन गेले. त्यांच्या 'किताबुत् तसरीफ' या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत. शरीराची रचना नीट जाणल्याशिवाय कुणीही हत्यार उचलू नये, असे त्यांनी बजावले आहे.

आपल्या पुण्याशी जोडलेली एक हकीकतही ऐका. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या सैन्यात होता. म्हैसूरच्या लढाईत तो कैद झाला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ साली ही हकीकत चित्रासह लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज डॉक्टरने ही पद्धत अभ्यासली. पण त्याने घाई केली नाही. त्याने आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली जिवंत रुग्णावर शस्त्रक्रिया केली. महाराष्ट्रातील एका कारागिराची विद्या अशी समुद्रापार गेली. ती उचलणाऱ्यानेही आधी मश्क आणि मग काम हाच क्रम पाळला.

आजही डॉक्टर मृतदेहावर शरीररचना शिकतात. डोळ्याचे डॉक्टर खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणून त्यांवर हात बसवतात. हे उपयोगी आहेच, पण त्याला मर्यादा आहेत. बकऱ्याचा डोळा माणसाच्या डोळ्यापेक्षा वेगळा असतो. त्याच्या भिंगाची पिशवी जास्त चिवट असते आणि आत मोतीबिंदूही नसतो. शिवाय एकदा कापलेला डोळा पुन्हा जोडता येत नाही. तीच पायरी पन्नास वेळा करायची म्हटले, तर पन्नास डोळे आणावे लागतील.

यावरचा उपाय वैमानिकांकडून आला. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा बाजाचे मोठे ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरायला भाता असतो. लिंकने त्याच भात्यांवर एक लाकडी विमान बसवले. दांडा ओढला, की ते जागच्या जागी वळे, झुके आणि डोलू लागे. १९२९ च्या सुमारास त्याने हे यंत्र तयार केले. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीचे मानले. पण १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याकडे टपाल नेण्याचे काम आले. धुक्यात आणि वादळात उडण्याचा सराव नसल्यामुळे अवघ्या काही आठवड्यांत अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. तेव्हा सैन्याने लिंकची यंत्रे विकत घेतली. जमिनीवर बसून आकाशातल्या चुका करायच्या आणि जिवंत राहून त्या सुधारायच्या, अशी ही शाळा होती. खऱ्यासारखा अनुभव देणाऱ्या अशा यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. आज मोठी प्रवासी विमाने चालवणारे वैमानिक सिम्युलेटरवर नियमितपणे सराव करतात आणि परीक्षाही देतात.

मग डॉक्टरांसाठी असे यंत्र का असू नये? हा प्रश्न दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे जास्तच निकडीचा झाला. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. या पद्धतीत पोट मोठे चिरत नाहीत. लहान लहान छिद्रांतून कॅमेरा आणि लांब दांड्यांची हत्यारे आत घालतात आणि पडद्यावर पाहून काम करतात. रुग्णाला वेदना कमी होतात आणि तो लवकर घरी जातो. पण डॉक्टरसाठी ही नवीनच कसरत असते. तुम्ही विज्ञानात तरफ शिकला आहात. पोटावरचे छिद्र म्हणजे त्या तरफेचा टेकू. म्हणून हात उजवीकडे नेला, की आतले टोक डावीकडे जाते. हात वर केला, की टोक खाली जाते. घरी एका खोक्याला छिद्र पाडा, त्यातून लांब काडी घाला आणि आतल्या कागदावर आपले नाव लिहून पाहा. मग तुम्हांला या कामाची अडचण कळेल.

याच सुमारास संगणकाची शक्ती वाढत होती. संगणकाने उभ्या केलेल्या खोट्या जगाला 'आभासी वास्तव' असे नाव मिळाले. आभास म्हणजे जे नसते, पण असल्यासारखे वाटते ते. उन्हात लांब रस्त्यावर पाणी दिसते, पण जवळ गेल्यावर तिथे काहीच नसते. त्याला आपण मृगजळ किंवा सराब म्हणतो. तोही आभासच. फरक एवढाच, की मृगजळाला हात लावता येत नाही. आभासी वास्तवात मात्र तुम्ही हात हलवला, की समोरचे चित्रही त्याप्रमाणे बदलते.

आता मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे सिम्युलेटर कसे काम करते, ते पाहू. शिकाऊ डॉक्टर खुर्चीवर बसतो. समोर सूक्ष्मदर्शकासारखी दोन नेत्रिका असलेली रचना असते. तिच्यात डोळा लावला, की संगणकाने काढलेला डोळा दिसतो. डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित वेगळी चित्रे दाखवली जातात. आपला मेंदू ती दोन्ही चित्रे जुळवतो आणि त्याला खोली जाणवते. ही खोली का महत्त्वाची आहे? एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे उत्तर मिळेल.

डॉक्टरच्या हातात हत्यारांच्या मुठी असतात. काही यंत्रांत पुतळ्याच्या डोक्यात बसवलेला कृत्रिम डोळा असतो आणि आत शिरलेल्या हत्याराची जागा कॅमेरे टिपतात. काही यंत्रांत मुठी लहान मोटारींना जोडलेल्या असतात. मुठीचे टोक कुठे आहे, हे संगणक सतत मोजतो. टोक आभासी डोळ्याला टेकले, की किती विरोध व्हायला हवा याचा हिशेब करून तो मोटारीला हुकूम देतो. मोटार मुठीला तेवढ्याच जोराने मागे रेटते. त्यामुळे समोर डोळा नसतानाही हाताला डोळा लागतो! चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवली, की आपल्या डोळ्याला हालचाल सलग वाटते. पण हाताची त्वचा डोळ्यापेक्षा फार चोखंदळ आहे. तिला स्पर्श खरा वाटावा म्हणून हा हिशेब साधारणपणे सेकंदाला हजार वेळा करावा लागतो.

अशा यंत्राचे तीन मोठे फायदे आहेत. पहिला, एकच पायरी पुन्हा पुन्हा करता येते. पिशवीला गोल खिडकी पाडणे जमत नसेल, तर दिवसभर तेवढेच करा. प्रत्येक वेळी नवा डोळा हजर असतो. दुसरा, प्रत्येक हालचालीची नोंद राहते. हात कुठे थरथरला, हत्यार किती वेळा पडद्याला लागले, हे यंत्र न विसरता आणि भीड न ठेवता सांगते. तिसरा, क्वचित येणारी संकटे मुद्दाम आणता येतात. खऱ्या रुग्णावर ते संकट एखाद्या वर्षी एकदाच येईल. यंत्रावर ते सोमवारी सकाळीच दहा वेळा आणता येते.

विमानाच्या आणि डोळ्याच्या या गोष्टी पुढे एकत्रही आल्या. अमेरिकेतील अल्बर्ट युल्ची यांनी १९५१ साली वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवणारी मोठी संस्था काढली होती. आयुष्याच्या अखेरीस, २०१० साली, त्यांनी आपल्या मुलासह 'हेल्पमीसी' ही संस्था स्थापन केली. वैमानिक जसे शिकतात तसेच मोतीबिंदूचे डॉक्टर शिकावेत, हा तिचा हेतू. टाके न घालता लहान छेदातून करायची जी कमी खर्चाची शस्त्रक्रिया आपल्याकडे शिबिरांतून मोठ्या प्रमाणावर होते, तिचेच सिम्युलेटर या संस्थेने तयार करवले आणि मुंबईत प्रशिक्षण केंद्रही उभारले. आपल्या देशाला याची गरज मोठी आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की पन्नाशी ओलांडलेल्या लोकांतील सुमारे ६६ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हेच होते. हे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होऊ शकते. त्यासाठी तयार हात मात्र हवेत.

पण यंत्रावर शिकलेला हात खऱ्या रुग्णावर चांगला चालतो, याला पुरावा काय? हे विचारणे योग्यच आहे. २००२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ शिकाऊ डॉक्टरांपैकी काहींना नेहमीचे शिक्षण दिले आणि काहींना त्याशिवाय आभासी यंत्रावर सरावही दिला. मग सर्वांनी दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचे काम केले. तपासणाऱ्यांना कोण कोणत्या गटातला आहे, हे सांगितलेले नव्हते. यंत्रावर सराव केलेल्यांचे काम २९ टक्के लवकर झाले आणि त्यांच्या चुकाही कितीतरी कमी झाल्या. डोळ्यांच्या बाबतीत ब्रिटनमधील आकडे पाहा. तिथे पहिल्या दोन वर्षांतील शिकाऊ डॉक्टरांच्या हातून भिंगाचा मागचा पडदा फाटण्याचे प्रमाण २००९ साली ४.२ टक्के होते. सिम्युलेटर जागोजागी आल्यावर २०१५ साली ते २.६ टक्क्यांवर आले. याचे सगळे श्रेय एकट्या यंत्राला देता येणार नाही, कारण त्या काळात इतर गोष्टीही सुधारल्या असतील. तरीही हजार शस्त्रक्रियांमागे सोळा डोळे वाचले, असा याचा अर्थ होतो. त्या सोळांत कुणाची तरी नानी असते.

भारतातही आता विचार बदलला आहे. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमानुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा असणे आवश्यक ठरले. विद्यार्थी तिथे पुतळ्यांवर आणि नमुन्यांवर इंजेक्शन देणे, टाके घालणे, श्वास देणे यांसारखी कामे आधी शिकतात. अर्थात सगळीकडे महागडी आभासी यंत्रे आलेली नाहीत. एक चांगले यंत्र घ्यायचे, तर त्याची किंमत, देखभाल आणि शिकवणारी माणसे या सगळ्यांचा खर्च येतो. म्हणून अनेक ठिकाणी कृत्रिम डोळे, बकऱ्याचे डोळे आणि खोक्यात बसवलेला साधा कॅमेरा यांवरही काम चालवतात. सुश्रुतांचा भोपळा अजून पूर्णपणे निवृत्त झालेला नाही!

यंत्राच्या मर्यादाही लक्षात ठेवा. यंत्र घाबरत नाही, खोकत नाही आणि प्रश्न विचारत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्ण बहुधा जागा असतो. फक्त डोळा बधिर केलेला असतो. तोंडावर कापड असते, वर प्रखर दिवा असतो आणि छातीत धडधड चाललेली असते. अशा वेळी डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने शांतपणे म्हणावे, "आजी, घाबरू नका. दिव्याकडे बघा. डोळा हलवू नका." हे वाक्य आजींच्या भाषेत सांगावे लागते. आपल्या जिल्ह्यात कुणाशी मराठीत बोलावे लागते, कुणाशी उर्दूत. तुमच्यापैकी जी मुले पुढे डॉक्टर किंवा परिचारिका होतील, त्यांना दोन्ही भाषा जिभेवर ठेवाव्या लागतील. हा धडा कोणतेही सिम्युलेटर देत नाही. आणखी एक गोष्ट. यंत्रावर शंभर गुण मिळाले, म्हणून कुणी एकट्याने शस्त्रक्रिया करू लागत नाही. त्यानंतरही अनुभवी गुरू शेजारी बसतात आणि गरज पडली, की हत्यार आपल्या हाती घेतात.

मग यंत्राने नेमके काय बदलले? पूर्वी नवशिक्याची पहिली चूक आणि रुग्णाचा डोळा यांच्यामध्ये फक्त गुरूचा हात होता. आता त्यांच्यामध्ये सरावाचे अनेक तासही उभे राहू लागले आहेत. पहिली शंभर वाकडी टाकणी आभासी डोळ्यावरच संपून जातात. रुग्णापर्यंत पोहोचतो तो पुष्कळसा स्थिरावलेला हात. खेड्यातून शिबिराला आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. तो डॉक्टरला प्रमाणपत्र विचारत नाही, मुकाट्याने मेजावर आडवा होतो. त्याचा हा विश्वास सांभाळण्याची जबाबदारी शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची आहे.

पुढच्या वेळी घरातील कुणाला डोळ्याच्या तपासणीसाठी जालन्याला न्याल, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारा, "तुम्ही हे काम कशावर शिकलात?" उत्तर काहीही मिळो, ते नीट ऐका. नंतर ते पाच ओळींत मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.